अणुसंमीलन: ऊर्जा तर मिळाली, मग वीज कुठे अडली?

५ डिसेंबर २०२२. मध्यरात्र उलटून तासभर झाला होता. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेझर किरण एकाच क्षणी, जेमतेम दोन मिलिमीटरच्या एका गोळीच्या रोखानं सुटले. त्यांनी २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत नेली आणि गोळीतल्या हायड्रोजनच्या संमीलनातून, म्हणजे अणूंची केंद्रकं एकमेकांना जोडली जाऊन, ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. घातली त्यापेक्षा जास्त मिळाली, असं जगभर छापून आलं. आता हेच आकडे विजेच्या मीटरवरच्या युनिटांत मांडून पाहू. बाहेर आलेली ऊर्जा भरते एका युनिटापेक्षा थोडी कमी. आणि त्या एका स्फोटासाठी लेझर यंत्रणेनं तारेतून ओढलेली वीज होती सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ८० युनिटांहून जास्त.

दोन्ही हिशेब खरे आहेत. पहिला गोळीपाशी सुरू होतो, दुसरा विजेच्या तारेपाशी, एवढाच फरक. संमीलनाबद्दल कधी अवाजवी आशा वाटते, कधी ‘हे काही होत नाही’ असं वाटतं. दोन्हींचं मूळ या दोन हिशेबांमधल्या अंतरात आहे. हे अंतर का पडतं ते कळायला मात्र अणूच्या केंद्रकापासून सुरुवात करावी लागते.

हायड्रोजनचे चार अणू तोलले आणि त्यांच्यापासून बनणारा हेलियमचा एक अणू तोलला, तर हेलियम सुमारे ०.७ टक्क्यांनी हलका भरतो. फ्रान्सिस अॅस्टन यांनी केंब्रिजमध्ये ही वजनं काटेकोरपणे मोजली होती. ती हाताशी घेऊन १९२० मध्ये आर्थर एडिंग्टन यांनी कार्डिफच्या भाषणात तर्क मांडला, की सूर्य याच तुटीवर तळपत असणार. तर्क बरोबर निघाला. हरवलेलं वस्तुमान आइन्स्टाइनच्या समीकरणाप्रमाणे ऊर्जा होऊन बाहेर पडतं, आणि त्या समीकरणात प्रकाशाच्या वेगाचा वर्ग असल्यामुळे किंचितशा वस्तुमानाचीही अफाट ऊर्जा होते. सूर्य दर सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो आणि त्यातलं ४० लाख टनांच्या आसपास वस्तुमान उजेड आणि उष्णता होऊन निघून जातं.

तूट येते कुठून? प्रोटॉन आणि न्यूट्रॉन अगदी जवळ आले की प्रबळ केंद्रकीय बल त्यांना बांधून ठेवतं. बांधणी जितकी घट्ट, तितकी ऊर्जा बाहेर टाकली जाते आणि तितकं वजन घटतं. सगळ्यांत घट्ट बांधणी लोखंड आणि निकेलच्या आसपासच्या केंद्रकांची. त्यामुळे हलकी केंद्रकं जोडली तरी ऊर्जा मिळते आणि युरेनियमसारखी जड केंद्रकं फोडली तरी मिळते. आजच्या अणुभट्ट्या फोडण्याच्या, म्हणजे विखंडनाच्या वाटेनं जातात. जोडण्याच्या वाटेनं गेल्यास इंधनाच्या दर किलोमागे साधारण चौपट ऊर्जा हाती येते.

सूर्याची नक्कल नव्हे

‘पृथ्वीवर सूर्य आणणार’ हे वाक्य मला खटकतं, कारण त्यामुळे विचाराची सुरुवातच चुकीच्या जागी होते. सूर्याच्या गाभ्यात तापमान दीड कोटी अंश सेल्सिअस असतं, पण तिथल्या एका घनमीटरमधून निघणारी शक्ती ३०० वॉटसुद्धा भरत नाही. आकारमानाच्या हिशेबानं पाहिलं तर माणसाचं शरीर त्याहून जास्त उष्णता देतं! सूर्य एवढा प्रखर आहे तो केवळ अवाढव्य असल्यामुळे. तिथल्या अभिक्रियेच्या पहिल्याच पायरीत दोन प्रोटॉन भिडत असताना नेमक्या त्याच क्षणी एकाचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. हे इतकं दुर्मीळ आहे, की गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनचा नंबर लागायला सरासरी अब्जावधी वर्षं जातात. वीज केंद्राला एवढी सवड नाही.

म्हणून पृथ्वीवर वेगळी जोडी निवडली आहे. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनचीच जड रूपं. एकाच्या केंद्रकात प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉन असतो, दुसऱ्याच्या केंद्रकात दोन. ही दोघं जोडली गेली की हेलियमचं केंद्रक बनतं, एक न्यूट्रॉन सुटा होतो आणि १७.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. त्यातला १४.१ चा वाटा न्यूट्रॉन घेऊन जातो, उरलेला ३.५ चा हेलियमकडे राहतो. ही वाटणी लक्षात ठेवा. पुढचे बरेचसे प्रश्न तिच्यातूनच निघतात. अशा मिश्रणाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९४ हजार युनिटं उष्णता मिळू शकते. तेवढ्यासाठी आठ टनांच्या आसपास खनिज तेल जाळावं लागेल.

आता अडचण अशी, की दोन्ही केंद्रकांवर धन विद्युतभार असतो. प्रबळ बलाचा पल्ला अतिशय तोकडा. त्या पल्ल्यात पोचण्याआधीच विद्युत प्रतिकर्षण त्यांना दूर लोटतं. जॉर्ज गॅमाव यांनी १९२८ मध्ये दाखवलं, की पुंजभौतिकीच्या नियमांमुळे कणाकडे पुरेशी ऊर्जा नसतानाही तो असा अडथळा कधी कधी पार करतो. तरीही केंद्रकांचा वेग मोठा हवाच, आणि वेग म्हणजे तापमान. ड्यूटेरियम-ट्रिटियमसाठी सोयीचं तापमान १५ कोटी अंशांच्या घरात पडतं. सूर्याच्या गाभ्याच्या दहापट.

इथे एक रास्त शंका येते. त्वरकात केंद्रकांना वेग देऊन लक्ष्यावर आदळवलं की झालं, सगळं इंधन तापवायचा खटाटोप कशाला? संमीलन घडवून आणायचंच असेल तर हे सहज जमतं. केंब्रिजमध्ये रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी १९३४ मध्येच ते केलं होतं. पण आदळणाऱ्या दर लाखो केंद्रकांपैकी एखादंच जोडलं जातं. बाकीची नुसती विचलित होतात, लक्ष्यातल्या इलेक्ट्रॉनांना धक्के देत मंदावतात, आणि त्यांना वेग देण्यासाठी खर्चलेली ऊर्जा वाया जाते. तापलेल्या प्लाझ्मात, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि केंद्रकं सुटी झालेल्या वायूत, असं होत नाही. तिथे टक्कर फुकट गेली तरी ऊर्जा त्याच गर्दीत राहते आणि केंद्रकाला पुन्हा, पुन्हा संधी मिळते. अट एवढीच, की ती गर्दी विस्कटता कामा नये आणि तिची उष्णता निसटता कामा नये. गेली सत्तर वर्षं झगडा चाललाय तो या निसटण्याशी.

एक मोजपट्टी आणि एक भाकीत

१९५५ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय अणुपरिषदेत अध्यक्षपदावरून होमी भाभा यांनी भाकीत केलं, की येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीनं मिळवण्याचा मार्ग सापडेल. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये हार्वेलला जॉन लॉसन नावाचा तरुण अभियंता एक छोटासा हिशेब मांडत होता: ऊर्जेचा लाभ व्हायचा तर प्लाझ्मा किती तापलेला, किती दाट आणि किती वेळ आपली उष्णता धरून ठेवणारा हवा? तापमान, घनता आणि हा धारणकाळ यांचा गुणाकार एका पातळीच्या वर गेलाच पाहिजे. आजही प्रत्येक यंत्र याच मोजपट्टीवर जोखलं जातं.

गुणाकार असल्यामुळे दोन टोकांच्या वाटा निघतात. लेझरवाले घनता प्रचंड वाढवतात आणि वेळेला जवळजवळ सोडूनच देतात. लिव्हरमोरमध्ये किरण थेट गोळीवर पडत नाहीत. सोन्याच्या एका छोट्या नळकांड्याच्या आतल्या भिंतीवर ते पडतात, तिथून क्ष-किरण निघतात, गोळीचं हिऱ्याचं कवच बाहेरच्या बाजूनं उडून जातं आणि त्या धक्क्यानं आतलं इंधन चिरडलं जातं. सगळा खेळ सेकंदाच्या अब्जांशांत आटोपतो.

चुंबकवाले उलट करतात. घनता कमी, पण धारणकाळ सेकंदांत. इतक्या तापमानाला इलेक्ट्रॉन केंद्रकांपासून सुटे झालेले असतात, त्यामुळे प्रत्येक कण विद्युतभारित असतो आणि चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत तिच्याच बाजूनं सरकतो. रेषेला टोक असेल तर तिथून तो निसटेल. म्हणून रेषा वाकवून कडं करायचं. पण नुसत्या कड्यात आतल्या बाजूला क्षेत्र जास्त आणि बाहेरच्या बाजूला कमी राहतं, त्यामुळे कण हळूहळू वर-खाली सरकून भिंतीला लागतात. त्यावर इलाज म्हणजे रेषांना पीळ देणं. लायमन स्पिट्झर यांनी प्रिन्स्टनमध्ये १९५१ मध्ये बाहेरच्या वेटोळ्यांच्या आकारातूनच पीळ देण्याची रचना सुचवली, ती स्टेलरेटर. मॉस्कोत इगोर टॅम आणि आंद्रे साखारोव्ह यांनी प्लाझ्मातूनच प्रचंड विद्युतप्रवाह नेऊन पीळ आणला. तो टोकामॅक.

टोकामॅकचं नाव झालं त्याची हकिकत मला फार आवडते. १९६८ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या परिषदेत लेव्ह आर्त्सिमोविच यांनी टी-३ यंत्राचे आकडे सांगितले: तापमान एक कोटी अंशांच्या आसपास. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांना ते पटेना. दहाच वर्षांपूर्वी ब्रिटनच्या झीटा यंत्रातल्या न्यूट्रॉनांवरून यशाची घोषणा झाली होती आणि काही महिन्यांत ती मागे घ्यावी लागली होती, त्यामुळे सगळेच सावध होते. आर्त्सिमोविच यांनी ब्रिटिशांनाच मोजमाप करायला बोलावलं. शीतयुद्ध ऐन भरात असताना कलहॅमचं पथक लेझर घेऊन मॉस्कोला गेलं. प्लाझ्मात लेझरचा लाल किरण सोडला की तिथल्या इलेक्ट्रॉनांवरून अगदी थोडा प्रकाश विखुरतो. इलेक्ट्रॉन जितके वेगानं धावत असतील, तितका त्या विखुरलेल्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा पसारा वाढतो. तो पसारा मोजला की तापमान कळतं, तेही प्लाझ्माला हात न लावता. १९६९ मध्ये त्यांनी मोजलं. रशियनांचा आकडा खरा होता. काही महिन्यांतच प्रिन्स्टननं आपल्या एका स्टेलरेटरचं टोकामॅकमध्ये रूपांतर करायला घेतलं. दावा तपासायला प्रतिस्पर्ध्याला आपल्या प्रयोगशाळेत येऊ देणं, हे विज्ञानाचं मला सगळ्यांत भावणारं रूप आहे.

१५ कोटी अंश ऐकलं की वाटतं, हे भांड्याला लागलं तर सगळं वितळून जाईल. प्रत्यक्षात टोकामॅकमधला प्लाझ्मा हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या टोकामॅकमध्ये प्लाझ्माचं आकारमान ८४० घनमीटर असेल, पण त्यात इंधन असेल ग्रॅमच्या आसपास. भिंतीला लागल्यावर प्लाझ्माच विझतो. अर्थात भिंतीचं काहीच बिघडत नाही असं नाही. मोठ्या यंत्रात प्रवाह अचानक कोसळला तर भिंतीला चटके बसतात आणि चुंबकीय बलांचे जबर हिसके बसतात. हे टाळणं हा आजच्या संशोधनाचा मोठा भाग आहे.

लाभ नेमका कुठे मोजायचा?

ओली लाकडं पेटवताना सुरुवातीला बाहेरून जाळ देत राहावं लागतं. मग एक वेळ अशी येते, की जळणाऱ्या लाकडाची धगच पुढचं लाकूड सुकवते आणि पेटवते. प्लाझ्मात ही धग असते हेलियमची. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो, त्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही आणि तो सरळ निघून जातो. हेलियमचं केंद्रक मात्र आत अडकतं आणि आपल्या वाट्याची २० टक्के ऊर्जा प्लाझ्माला देतं. म्हणजे संमीलनातून मिळणारी शक्ती बाहेरून दिलेल्या शक्तीच्या पाचपट होईल, तेव्हा कुठे आतली धग बाहेरच्या जाळाच्या बरोबरीला येते. या गुणोत्तराला क्यू म्हणतात.

इंग्लंडमधल्या जेट टोकामॅकनं १९९७ मध्ये २४ मेगावॉट देऊन १६ मेगावॉट मिळवले, क्यू ०.६७. त्याचे तांब्याचे चुंबक चालवायला लागलेली वीज त्या २४ मध्ये धरलेली नाही. बंद होण्याआधी, २०२३ मध्ये, त्यानं ०.२ मिलिग्रॅम इंधनातून पाच-सहा सेकंदांत ६९ मेगाज्यूल काढले. युनिटांत सांगायचं तर १९. लिव्हरमोरच्या यंत्रानं २०२५ पर्यंत ८.६ मेगाज्यूलपर्यंत मजल मारली, पण तारेपासूनचा हिशेब अजून तोट्यातच आहे. त्याचे लेझर जुन्या धाटणीचे आहेत आणि त्यांची कार्यक्षमता एका टक्क्याहून कमी आहे. शिवाय वीज केंद्रासाठी सेकंदाला दहाएक गोळ्या फोडाव्या लागतील, आणि हे यंत्र मुळी त्या कामासाठी बांधलेलंच नाही.

ईटरचं उद्दिष्ट आहे ५० मेगावॉट देऊन ५०० मिळवण्याचं. हे ५०० मेगावॉट उष्णतेचे आहेत. त्यातून वीज केली असती तर दोनशेच्या आसपास मेगावॉट निघाली असती, आणि चुंबकांना उणे २६९ अंशांवर ठेवणारी शीतयंत्रणा, पंप, प्लाझ्मा तापवणारी उपकरणं यांनीच ती जवळपास संपवली असती. ईटरमध्ये वीज करायची योजनाच नाही. प्लाझ्मा प्रामुख्यानं स्वतःच्या धगीवर कसा वागतो, हे शिकण्यासाठी ते यंत्र आहे आणि त्या कामासाठी मला ते मोलाचं वाटतं. पण दहापट ऊर्जा देणारं वीज केंद्र म्हणून त्याची ओळख करून देणं वाचकांवर अन्याय करणारं आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकाप्रमाणे त्याचे संशोधन-प्रयोग २०३४ मध्ये सुरू होतील आणि ड्यूटेरियम-ट्रिटियमचे २०३९ मध्ये.

न्यूट्रॉनचं काय करायचं

प्लाझ्माचे आकडे बातम्यांत येतात, पण माझ्या मते खरी कसोटी भिंतीच्या पलीकडे आहे. ८० टक्के ऊर्जा घेऊन निघालेल्या न्यूट्रॉनला कुठेतरी थांबवून त्याची उष्णता घ्यायची, त्यावर पाण्याची वाफ किंवा दुसरा वायू तापवून टर्बाइन फिरवायचं. हा भाग समजायला सोपा आहे. पण त्याच न्यूट्रॉनवर आणखी एक काम सोपवलेलं आहे.

ड्यूटेरियम समुद्रात मुबलक आहे, एक घनमीटर पाण्यात ३३ ग्रॅमच्या आसपास. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ मिळतच नाही. ते किरणोत्सारी आहे आणि सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं. नागरी वापरासाठीचा जगातला साठा काही डझन किलोंचा, तोही मुख्यतः कॅनडातल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून निघालेला. आणि संमीलनातून १००० मेगावॉट उष्णता देणाऱ्या एकाच केंद्राला वर्षाला ५५ किलो ट्रिटियम लागेल. म्हणजे केंद्रानं आपलं ट्रिटियम स्वतःच बनवायचं. प्लाझ्माभोवती लिथियमचं आवरण ठेवलं तर त्यात शिरलेला न्यूट्रॉन लिथियमपासून ट्रिटियम बनवतो. आता हिशेब पाहा: एका अभिक्रियेत एक ट्रिटियम खर्च होतं आणि एकच न्यूट्रॉन मिळतो. काही न्यूट्रॉन पोलादात शोषले जाणार, काही फटींतून जाणार, थोडं ट्रिटियम साठवणीत क्षय पावणार. बरोबरी साधायलाही एका न्यूट्रॉनमागे एकाहून जास्त ट्रिटियम बनावं लागतं. म्हणून आवरणात बेरिलियम किंवा शिसं मिसळतात. वेगवान न्यूट्रॉन त्यांच्यावर आदळला की दोन बाहेर पडतात. कागदावर गणित जुळतं, पण थोडक्या फरकानं. असं संपूर्ण आवरण कुठल्याही संमीलन यंत्रात आजवर चाललेलं नाही.

भिंतीचंही तसंच. अशा न्यूट्रॉनांच्या माऱ्यात पोलादातला प्रत्येक अणू वर्षभरात अनेकदा आपल्या जागेवरून उडवला जातो. धातूत हेलियमचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, तो फुगतो, ठिसूळ होतो. ३४२२ अंशांना वितळणारं टंगस्टन उष्णता सोसतं, पण न्यूट्रॉनांपुढे तेही झिजतं. या माऱ्यात धातू तपासण्यासाठी स्पेनमध्ये ग्रॅनडाजवळ खास केंद्र उभं राहतंय. हे आधीच व्हायला हवं होतं असं मला वाटतं.

सुरक्षेची बाजू मात्र खरोखर भक्कम आहे. इथे साखळी अभिक्रिया नाही. काहीही बिघडलं तरी प्लाझ्मा थंडावतो आणि आत जळण्यासारखं ग्रॅमभरच असतं. किरणोत्सारी कचरा अजिबात नाही हे म्हणणं चूक. न्यूट्रॉनांमुळे पोलाद किरणोत्सारी होतं आणि ट्रिटियम तापलेल्या धातूतूनही झिरपतं. पण योग्य पोलाद निवडलं तर हा प्रश्न शंभरेक वर्षांचा राहतो, हजारो वर्षांचा नाही.

मग गेल्या काही वर्षांत एवढा उत्साह कशानं? मुख्यतः चुंबकांमुळे. त्याच आकाराच्या यंत्रात चुंबकीय क्षेत्र दुप्पट केलं तर संमीलनाची शक्ती सोळापटींपर्यंत जाऊ शकते. नव्या प्रकारच्या अतिसंवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या, फितीपासून बनवलेल्या मोठ्या चुंबकानं सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात २० टेस्लाचं क्षेत्र गाठलं, आणि ईटरपेक्षा खूपच लहान यंत्रं विचारात घेता येऊ लागली. कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी याच चुंबकांवर स्पार्क नावाचं टोकामॅक बांधतेय. प्लाझ्मा सलग चालू ठेवण्याच्या वेळातही प्रगती आहे: चीनच्या ईस्ट यंत्रानं जानेवारी २०२५ मध्ये १०६६ सेकंद प्लाझ्मा टिकवला, महिन्याभरात फ्रान्सच्या वेस्टनं १३३७ सेकंद. हे प्रयोग संमीलनाची ऊर्जा काढण्याचे नव्हते, प्लाझ्मा स्थिर ठेवण्याचे होते.

येत्या दहा-पंधरा वर्षांत कर्ब उत्सर्जन घटवायचं आहे, त्यासाठी संमीलनावर विसंबून राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते काम आज हाताशी असलेल्या साधनांनीच करावं लागेल. पण शतकाच्या उत्तरार्धासाठी या संशोधनावर होणारा खर्च मला योग्य वाटतो. मी ज्या बातमीची वाट पाहतोय ती तापमानाच्या किंवा सेकंदांच्या विक्रमाची नाही. एखाद्या यंत्राच्या लिथियम आवरणातून, त्याच यंत्राच्या न्यूट्रॉनांनी बनवलेलं ट्रिटियम बाहेर काढलं आणि खर्चलेल्यापेक्षा ते जास्त भरलं, ही ती बातमी. ईटरमध्ये अशा आवरणांचे छोटे नमुने बसवून तपासायचं ठरलेलं आहे.